पाठीवरचा हात

१

मुखेडच्या बसस्टँडमागं वैजनाथचं एक्स-रे सेंटर होतं. पुढच्या पडवीत बाकडी, आणि एका टेबलाशी त्याची बायको पुनम नावं नोंदवत बसलेली. मधे कॉम्प्युटरची खोली. तिच्या पलीकडं, शिसं भरलेल्या जड दाराआड, फोटो काढायची खोली. दोन्ही खोल्यांमधल्या भिंतीत एक जाड काच बसवलेली. वरच्या मजल्यावर डॉक्टर लुंबिनींचा दवाखाना. त्यांनी चिठ्ठी दिली की पेशंट जिना उतरून खाली यायचा. वैजनाथ त्याला आत नेऊन छाती प्लेटला टेकवून उभा करायचा, बाहेर येऊन काचेतून त्याच्या पाठीकडं बघत म्हणायचा, "श्वास धरा." मशीन टक्क करायचं. "सोडा." झालं काम. अर्ध्या तालुक्याच्या फासळ्या आमच्या घरात जमा हायत, असं पुनम पाहुण्यारावळ्यांना हसून सांगायची.

मग एका सकाळी कॉम्प्युटर उघडला तर त्या सगळ्या फासळ्यांना कुलूप लागलेलं. कुठला तरी व्हायरस शिरला होता. एकही फोटो उघडेना. वैजनाथला सगळ्यात जास्त लागलं ते एका म्हाताऱ्याचं. त्याच्या छातीतला डाग जुना की नवा, हे सांगणारा एकच जुना फोटो होता आणि तोही गेला. त्या माणसाला नांदेडला नाही नाही त्या तपासण्या कराव्या लागल्या. डाग जुनाच निघाला, पण तोवर घरातल्यांनी त्याच्या मरणाची तयारी चालवली होती.

"बॅकअप घेत न्हवता का?" देगलूरहून आलेल्या मडिवाळप्पानं विचारलं. या भागातल्या दवाखान्यांचे आणि पतसंस्थांचे कॉम्प्युटर तोच बघायचा.

"आज घेऊ, उद्या घेऊ करत राहिलो," वैजनाथ म्हणाला.

मडिवाळप्पा माणूस मोठ्या मनाचा. नुसतं काम उरकून गेला नाही, फोटोंच्या जादा प्रती ठेवणारे तीन प्रोग्राम नीट बसून समजावून सांगितले. पहिला प्रोग्राम नेटवरून प्रती पाठवणारा होता. पण मुखेडात रस्ता खोदला की नेट जातं, आणि रस्ता तर कायम खोदलेलाच. दुसरा इकडचं जसंच्या तसं तिकडं ठेवणारा. म्हणजे इकडं व्हायरस आला की तिकडंही हजर. तिसरा दिसायला अगदीच साधा, करड्या खिडकीचा. पण तो जुन्या प्रती पुसत नव्हता, आणि प्रत घेतली की मुळाशी ताडून बघून खाली हिरव्या अक्षरात लिहायचा, 'जुळलं'. काम झालं की प्रतींची ती वेगळी डिस्क काढून घरी न्यायची, म्हणजे सेंटरात काही झालं तरी प्रत सुखरूप.

वैजनाथनं तिसरा निवडला.

"एक ध्यानात ठेवा," जाताना मडिवाळप्पा म्हणाला, "परत निघतो तोच बॅकअप. अधूनमधून एखादी प्रत उघडून बघत जा. न्हाई तर नुसती डब्याची पूजा."

२

दुपारी जेवणाच्या सुट्टीत पडवीचं शटर अर्धं खाली यायचं. पुनम डबे उघडायची आणि वैजनाथ डिस्क लावायचा. ती कुरकुरत कामाला लागायची. प्रती झाल्या की तो मनाला येईल ती एक उघडायचा, बघायचा, बंद करायचा. त्यानं जीव थंड होई. आता काही हरवणार नाही, असं वाटे, आणि मडिवाळप्पाला मनातल्या मनात दुवा दिला जाई.

त्या दुपारी त्यानं सटवाजीची प्रत उघडली. सटवाजी एसटीचा ड्रायव्हर. नोकरीच्या तपासणीसाठी सकाळीच येऊन गेला होता. धडधाकट गडी, छाती कशी कोऱ्या पाटीसारखी स्वच्छ.

प्रतीत मात्र उजव्या फुफ्फुसात, वर, गळ्याच्या हाडाखाली पांढुरके डाग होते.

वैजनाथनं रुमालानं स्क्रीन पुसला. डाग हलले नाहीत. त्यानं मूळ फोटो उघडला. तो स्वच्छ. दोन्ही शेजारी शेजारी लावले. डावीकडं स्वच्छ, उजवीकडं डाग. आणि खाली करड्या खिडकीत हिरवी अक्षरं, 'जुळलं'.

"पुनम, इकडं ये बरं."

ती हातातला घास तसाच धरून आली. आधी म्हणाली, "डोळे थकलेत तुमचे." मग तिनंही पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "ह्यात हाय. त्यात न्हाई."

बाजाराच्या दिवशी मडिवाळप्पा आला. त्यानं आपल्या लॅपटॉपवर दोन्ही फायली घेतल्या, काय काय चालवलं आणि खुर्चीत मागं रेलला.

"वैजनाथराव, ह्या दोन्ही फायली एकच हायत. एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई."

"मग दिसायला वेगळ्या कशा?"

"तेच कळंना." त्यानं दुसऱ्या प्रोग्रामनं त्याच फोटोची प्रत घेतली. ती स्वच्छ निघाली. करड्या खिडकीतून पुन्हा घेतली. डाग जागच्या जागी. मडिवाळप्पानं लॅपटॉप मिटला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले, जणू आतून कुणी झाकण उघडेल. "काढून टाकू हे. दुसरं देतो."

वैजनाथच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण कुणाच्या छातीतला डाग पुसायचा म्हटल्यावर त्याचा हात धजेना.

"आधी मॅडमला दाखवतो," तो म्हणाला.

३

डॉक्टर लुंबिनींना कोड्यांची आवड नव्हती. त्या खाली आल्या, दोन्ही फोटो पाहिले, मशीन पाहिलं, स्क्रीन बदलून पाहिला.

"काहीतरी बिघाड असणार," त्या म्हणाल्या. मग पुन्हा स्क्रीनकडं बघत म्हणाल्या, "पण वैजनाथभाऊ, हा एकटाच फोटो माझ्यासमोर आला असता ना, तर मी या माणसाला घरी जाऊ दिलं नसतं."

सटवाजीला बोलावलं. नवा फोटो काढला. स्वच्छ. थुंकी तपासली. त्यातही काही नाही.

"मला काय धाड भरली मॅडम?" सटवाजी हसला. "आजून दोन पोती उचलून दाखवू का?"

"पोती नको. खोकला आला, ताप आला, तर मेडिकलवरून गोळ्या घेऊन भागवायचं नाही. तडक माझ्याकडे यायचं. कबूल?"

"कबूल."

काही महिन्यांनी, उन्हाळा लागला तेव्हा सटवाजी आला. संध्याकाळी अंग कसकसतंय, म्हणाला. वैजनाथनं त्याला प्लेटपुढं उभा केला, काचेतून त्याची रुंद पाठ पाहिली आणि बटण दाबलं. या वेळी मूळ फोटोतच डाग होते. उजव्या फुफ्फुसात, वर, गळ्याच्या हाडाखाली. त्यानं जुनी प्रत शेजारी लावली. सुताचाही फरक नव्हता.

टीबी होता. पण अगदी सुरुवातीचा. त्याच दिवशी औषध सुरू झालं. घरात रांगतं नातवंड होतं, त्याला बाधा होण्याआधी सगळ्यांची तपासणी झाली. सटवाजी बरा झाला, पुन्हा गाडीवर गेला. एके दिवशी शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन आला आणि डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला वरच्या वर धरलं.

"मॅडम, तुमाला आधीच कसं कळलं हो?"

डॉक्टर लुंबिनींनी वैजनाथकडं पाहिलं. वैजनाथ शेंगांकडं बघत राहिला.

मडिवाळप्पाला त्यानं फोन केला. "दुसरा प्रोग्राम बी ठेवा. पण हा काढू नका."

४

तेव्हापासून दुपारची रीत बदलली. डॉक्टर जेवण उरकून खाली यायच्या आणि वैजनाथ त्या दिवशीच्या सगळ्या प्रती एकेक करून उघडायचा. डिस्क कुरकुरायची, वरचा पंखा फिरायचा. बहुतेक प्रती मुळासारख्याच असत. दिवसेंदिवस काही वेगळं दिसत नसे, आणि मग वैजनाथला वाटे, आपण उगाच शेळीला वाघ म्हणतोय. योगायोग होता. मशीनचा काही गुण असेल. डोळ्याला न दिसणारं त्या प्रोग्रामला दिसत असेल.

मग गुरम्माची प्रत आली.

गुरम्मा बांगड्या विकायची. पाठीवर पेटारा घेऊन बाजार बाजार फिरायची. पाठ दुखते म्हणून आली होती. मूळ फोटोत काही नव्हतं. प्रतीत हृदयाच्या सावलीआड एक गोल ठिपका होता.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. मग त्यांनी गुरम्माला समोर बसवून खरं तेच सांगितलं. "अम्मा, साध्या फोटोत काही दिसत नाही. पण मला शंका आहे. नांदेडला जाऊन मोठा फोटो काढून ये. काही निघालं नाही तर मला शिव्या दे."

"अय्यो, शिव्या कशाला देऊ बाई," गुरम्मा म्हणाली आणि गेली.

गाठ होती. लहान होती, निघण्यासारखी होती, काढली. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, हृदयाआड लपली होती, साध्या फोटोत सापडणं अवघडच. गुरम्मा बरी होऊन आली तेव्हा पेटारा तिच्या सुनेच्या पाठीवर होता. तिनं पुनमचा हात मांडीवर घेतला आणि चांगला कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला. भरताना डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडानं ती हसत होती. डॉक्टरांनाही तिनं सोडलं नाही.

त्या दिवसापासून वैजनाथ सकाळी प्लेट पुसताना हात जोडू लागला. कुणाला जोडतोय ते त्याला ठाऊक नव्हतं. पण उपकार कुणाचे तरी होते, आणि मानल्यावाचून राहवत नव्हतं.

५

एका सकाळी एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन आली. एवढं लेकरू स्थिर कसं राहणार? आईलाच शिशाचं जॅकेट घालून त्याला धरायला लावलं. फोटो निघाला. लेकराच्या इवल्याशा फासळ्या, आणि कडेला आईची बोटं. यात नवल नव्हतं. धरणाऱ्याची बोटं फोटोत येतातच.

वैजनाथ ती बोटं बघत बसला आणि त्याला गुरम्माच्या प्रतीतला ठिपका आठवला.

दुपारी त्यानं गुरम्माची प्रत काढली. हृदयाआडचा तो गोल ठिपका मोठा करून पाहिला. अजून मोठा केला. ठिपका संपत नव्हता. त्याच्या खाली फिकट, जेमतेम दिसेल न दिसेल असं एक लांबट हाड होतं. त्याखाली दुसरं. बोटाची पेरं. फोटोच्या कडेबाहेरून आत आलेलं एक बोट, ज्याचं टोक बरोबर गाठीवर टेकलेलं.

सटवाजीच्या प्रतीत तीन बोटं होती.

वैजनाथनं हिशेब मांडून बघितला, कारण डोकं दुसरं काही करू देईना. छातीचा फोटो काढताना पेशंटचं तोंड प्लेटकडं असतं आणि किरणं पाठीमागून येतात. म्हणजे बोटं पाठीवर टेकलेली. म्हणजे कुणीतरी पेशंटच्या मागं उभं. आणि पेशंटच्या मागं काय असतं ते वैजनाथ स्वतः काचेतून बघत असतो. मशीन असतं, मोकळी फरशी असते.

दुपारनंतर पहिला पेशंट आला. एक तरुण मास्तर होता, त्याला नोकरीसाठी दाखला हवा होता. वैजनाथनं काचेला जवळजवळ नाक लावलं.

"श्वास धरा."

मास्तरची पाठ थांबली. खोलीत एसीची घरघर. आत बोलायला आणि आतलं ऐकायला काचेशेजारी छोटा स्पीकर होता. टक्क.

"सोडा."

स्पीकरमधून दोन श्वास सुटले. एक मास्तरचा. दुसरा किंचित उशिरानं, लांबलचक, फार वेळ दम धरून उभ्या राहिलेल्या माणसाचा.

मास्तरची प्रत स्वच्छ निघाली. पण ऐकलेलं काही केल्या कानातून जाईना. त्यानं त्या संध्याकाळी पुनमला सगळं सांगितलं, बोटंही दाखवली. ती घाबरेल असं त्याला वाटलं होतं. घाबरलीच. पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "वाईट राहिलं असतं तर वाईट केलं असतं न्हवं? ह्यानं तर माणसं वाचवली. तो सटवाजी वाचला, ती गुरम्मा वाचली."

"पण कोण हाय?"

"इचारून काय करायलो आपण? दुखऱ्या जागी हात ठेवणारं कुणीतरी हाय. आपल्या आईनं ठेवावा तसा."

६

तरी मनात किडा वळवळत राहिला. पेशंट आला की तो येतो, की कायम तिथंच उभा असतो? वैजनाथ खोली झाडायला जायचा तेव्हा पाठ भिंतीला लावून झाडायचा. प्लेट पुसताना मागं वळून बघायचं नाही, असं ठरवायचा आणि वळायचाच.

शेवटी पुनमच म्हणाली, "पेशंट नसताना काढून बघा एकदा. मनाची शांती तरी होईल."

डॉक्टर त्या दिवशी नांदेडला गेल्या होत्या. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली, पडवीत उन्हाचा पट्टा. बसस्टँडवरून मुक्रमाबादच्या गाडीची आरोळी ऐकू येत होती. वैजनाथनं दार लावलं. आत प्लेट, मशीन आणि मधे मोकळी फरशी. सवयीनं तोंडातून निघालं, "श्वास धरा."

टक्क.

"सोडा" म्हणायला त्याची जीभ रेटेना.

मूळ फोटो आला. सगळीकडं सारखा काळा, रिकाम्या खोलीचा यावा तसा. त्यानं डिस्क लावली. ती आपली रोजच्यासारखी कुरकुरली. हिरवी अक्षरं उमटली, 'जुळलं'. पुनमनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं प्रत उघडली.

फासळ्या होत्या.

कुणीतरी प्लेटला छाती टेकवून उभं होतं. नीट, अगदी सांगितल्यासारखं, हनुवटी वर आणि खांदे पुढं. पाठीचा कणा जरासा वाकलेला, वाकून वाकून काम करणाऱ्याचा असतो तसा. पुरुष की बाई, सांगता येत नव्हतं. एवढं मात्र दिसत होतं की हा कुणी देवबिव नव्हता. फासळ्या साध्या माणसाच्या होत्या आणि एक जरा तिरपी बसलेली होती.

"बाई गं," पुनम म्हणाली.

वैजनाथ पुढं झुकला. डाव्या फुफ्फुसात, खाली, छाती-पोटामधल्या पडद्याच्या कडेशी एक पांढुरका डाग होता. त्यानं तो मोठा केला. आणखी मोठा केला. डागाखाली पेरं होती. दोन बोटं. पातळ, लहान, दुसऱ्याच कुणाची.

त्याच्याही मागं कुणीतरी उभं होतं.

वैजनाथला भीती वाटत होती, हे खरं. पण भीतीच्या तळाशी काहीतरी दुसरंच हलत होतं. हा माणूस दिवसच्या दिवस इथं दम धरून उभा राहतो, येणाऱ्या जाणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवतो, आणि त्याच्या स्वतःच्या छातीत काय आहे ते त्याला कळणार कसं? आपल्या पाठीवरचं बोट आपल्याला थोडंच दिसतं?

"मॅडमला इचारू उद्या," तो म्हणाला.

"मॅडम चिठ्ठी कुणाच्या नावानं लिहितील?" पुनम म्हणाली.

वैजनाथ उठला, काचेपाशी गेला. आत मोकळी फरशी, मशीन, प्लेट. त्यानं स्पीकरचं बटण दाबून धरलं. घसा खाकरला. "डाव्या बाजूला," तो म्हणाला, "खाली. डाग हाय."

"असं तोडून काय सांगता?" पुनम कुजबुजली. "घरच्या माणसाला सांगतात तसं सांगा."

वैजनाथनं डोळे मिटले. या खोलीतून बरी होऊन गेलेली माणसं एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढून गेली, आणि त्याचा आवाज आपोआप मऊ झाला.

"तुम्ही आमचं लई केलंत. तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. आता जरा आमचं ऐका. तुमच्या छातीत डाव्या अंगाला, खाली, डाग दिसायलाय. आजून लहान हाय. घाबरायचं काम न्हाई. लवकर दाखवून घ्या, बरं होतंय ते. तुमच्या तिकडं जे कोण डॉक्टर असतील त्यांच्याकडं जा. उशीर करू नका. आणि..." त्यानं डोळे उघडले. "आणि आता सोडा श्वास. सोडा."

स्पीकरमधून बराच वेळ नुसती एसीची घरघर आली.

मग काचेवर, आतल्या बाजूनं, वैजनाथच्या तोंडासमोरच वाफ धरली. तळहाताएवढी. जवळ येऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या श्वासाची धरते तशी. ती हळूहळू पसरली, मधून विरत गेली, आणि ती विरताना पलीकडं क्षणभर एक मान दिसली, समजलं म्हणून हलवावी तशी हललेली.